बॅनरवर मी, नाव बाईचं

माझं माहेर खडवलीचं. बाप रेल्वेत गँगमन, दिवसभर खडीवरून चालायचा, आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले, मग धाकटा भाऊ झाला आणि त्याला कडेवर घ्यायला घरात माणूस पाहिजे होतं, ते माणूस मी. पंधराव्या वर्षी लग्न लावून बाळकुमला पाठवली. नाव बामी, इथे आल्यावर बामीबाय झाले. आता ऐंशी पार केली, किती पार केली ते आधार कार्डाला विचारा, त्याच्यावरची तारीखसुद्धा माझ्या नवऱ्याने अंदाजाने सांगितलेली. हे सगळं आधी सांगते, कारण मधे महिना-दीड महिना इथल्या बागेच्या गेटावर लिहिलेलं होतं की मी मेले. मी मेले नाही. तुम्ही समोर बसलाय, चहा पिताय, तो मी केलाय. तेवढं पहिलं लिहा.

तुम्ही आलात द्वारकाबाईंचं विचारायला. सांगते. पण मी तिला अगं-तुगं करते, ते तसंच ठेवा, नंतर घरी जाऊन त्याचं अहो-जाहो करू नका. तिनेच मला सांगितलेलं, बामे, पोरांसमोर बाई म्हण आणि मागे द्वारके म्हण, नाहीतर मला कोणी द्वारकी म्हणणारं उरलं नाही. बस. त्याच्यावर रडायबिडायचं काही नाही, तिला रडणारी माणसं आवडायची नाहीत.

आता तुम्ही जिथे लिफ्टने बाविसाव्या मजल्यावर जाता ना, तिथे खाजण होतं. खाजण म्हणजे खाडीकाठची चिखलाची जमीन, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. पलीकडे मिठागरं. उन्हाळ्यात सगळं गाव मिठावर, बाकीचे दिवस खाडीवर, आणि पोरं मोठ्यांच्या मागे. ओहोटी लागली की चार वर्षांचं पोरसुद्धा डबा घेऊन चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला निघायचं. सासू तर माझा पोरगा नीट चालायच्या आधी त्याला चिखलात उभा करून आली. बायका लुगडं गुडघ्यापर्यंत आवळून नेसायच्या, काचा मारून, कारण घोळदार नेसलं तर चिखल ओढून घेतो, बाई आतच राहील. हे लुगड्याचं लक्षात ठेवा. सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे.

द्वारकी कल्याणची. बाप कुठेतरी कारकून, घरात पुस्तकं, बोलणं शुद्ध, पाचवारी पातळ, पायात चपला. एका संस्थेने तिला बाळकुमला शाळा काढ म्हणून पाठवली. शाळा म्हणजे काय, एक होडी ठेवायची माडाच्या झापांची शेड, होडी बाहेर काढून फळा आत ठेवला. पटावर चाळीस नावं लिहिली तिने घरोघरी फिरून, आणि रोज समोर पाच पोरं. कधी तीन. ती अकराला दार उघडून बसायची आणि पोरं चिखलात. महिनाभर तिने दम काढला, मग एक दिवस तणतणत आमच्या ओट्यावर आली, काय गं, तुमच्या गावाला शाळा नको असेल तर तसं सांगा, मी जाते. मी मासळी साफ करत होते. मी बोलले, बाई, आमची पोरं घड्याळ बघून उठत नाहीत, पाणी बघून उठतात. पुनवेला, आवसेला दुपारी बाराच्या पुढे पाणी भरतं, तेव्हा पोरं रिकामीच बसलेली असतात. पंचमीला अकराला पाणी उतरलेलं असतं, तेव्हा तुझ्या शाळेत यायला वेडी आहेत का.

तिने चपला काढल्या. मग तिथेच ओट्यावर बसून मला एकेक तिथी विचारली, कधी चढतं, कधी उतरतं, आणि कोळशाने भिंतीवर लिहीत गेली. माझी भिंत काळी केली. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या बाहेर रोज खडूने लिहिलेलं, आज शाळा इतक्याला. पाणी चढलं की शाळा, उतरलं की सुट्टी. कधी सकाळी सातला, कधी दुपारी, कधी दोन तुकडे करून. माझ्या बापाने खडवलीहून रुळाचा एक तुकडा आणून दिला घंटा म्हणून, तो मिळाला का उचलला ते विचारू नका. तो वाजला की पोरं चिखलाच्या पायांनी पळत यायची. महिनाभरात पस्तीस पोरं. काय सांगू तुम्हाला, आता बॅनरवर लिहितात ज्ञानाची गंगा आणली. गंगाबिंगा काही नाही. तिने खाडीचं वेळापत्रक वाचलं, जे मास्तर लोक कधी वाचत नाहीत, तेवढंच. आणि तेवढंच कोणाला जमलं नव्हतं.

माझी सासू तिला रस्त्यात अडवून बोलली, बाय, पोरा शिकून कलेक्टर व्हतील, मंग आमच्या चिंबोऱ्या कोन धरल, तू? ती बोलली, धरेन. आणि खरंच उतरली. पातळ नेसून उतरली, कंबरेपर्यंत रुतली, चार बायांनी मिळून ओढली, एक चपल अजून तिथेच आहे, कुठल्यातरी टॉवरच्या पायाखाली. गाव आठ दिवस हसलं. मग मी तिला लुगडं नेसायला शिकवलं. तिने मला शिकायला बसवलं. तशी सोडणारी नव्हती. मी शाळेत झाडायला, पाणी भरायला लागलेली, तर बोलली झाडू ठेव आणि पाटी घे, आणि चौथीच्या परीक्षेला मला माझ्या पोराच्या शेजारी बसवली. मला त्याच्यापेक्षा सहा मार्क जास्त पडले. तो अजून मानत नाही.

आणि माउली-माउली लिहितात ना तिला, ती माउली नव्हती. फटकळ होती. पट्टीने हाणायची. माझ्या नवऱ्याला भर नाक्यावर बोललेली, पोरीला मिठावर पाठवलंस तर तुझ्या घरी येऊन बसेन आणि तुझं जेवण मी जेवेन. आणि दोन दिवस आली, जेवली. तिसऱ्या दिवशी पोरगी शाळेत.

आता तो दिवस सांगते, नीट ऐका. शाळेला सरकारी मान्यता पाहिजे होती, नाहीतर पोरांची चौथी धरली जाणार नव्हती. साहेब बघायला येणार, पत्र आलं, अमुक दिवशी अकरा वाजता. संस्थेने अर्जाला जोडायला फोटो पाहिजे म्हणून ठाण्याहून फोटोवालासुद्धा सांगितलेला. आणि तो दिवस पंचमीचा. द्वारकी घरोघरी सांगून आली, त्या दिवशी पोरं सोडू नका. सगळ्यांनी हो हो केलं आणि सकाळी पाणी उतरल्यावर सगळी पोरं चिखलात. आमच्या लोकांचं असंच, तोंडाने हो आणि पायाने खाडीवर.

दहा वाजता शाळेत ती आणि मी. ती बोलली, बामे, लुगडं दे. शेडच्या मागे जाऊन आम्ही अदलाबदल केली, माझं लुगडं तिने काचा मारून नेसलं, तिचं धुतलेलं पातळ मी. मला खुर्चीवर बसवली, हातात हजेरीचं पुस्तक दिलं, बोलली, साहेब आला तर बसवून ठेव, मी पोरं घेऊन येते, आणि गेली. साहेब वेळेच्या आधी आला. मला हात जोडून बोलला, नमस्कार बाई. मी पण केला. विचारलं, पट किती? बोलले, चाळीस. हजर किती? बोलले, सगळे हजर, पण खाडीत आहेत.

अर्ध्या तासाने बांधावरून रांग आली. पुढे द्वारकी, मांडीपर्यंत चिखल, केस सुटलेले, एक पोर काखेत, मागे बाकीची, कोणाच्या डब्यात चिंबोऱ्या खडखडतायत. साहेबाने तिच्याकडे बघितलं आणि बोलला, मावशी, जरा प्यायला पाणी आणा. मी तोंड उघडणार तर तिने डोळ्याने गप केलं. गेली, माठातून पाणी आणलं, तांब्या-भांडं त्याच्या हातात दिलं, त्याला पूर्ण पिऊ दिलं, आणि मग बोलली, मी द्वारका, या शाळेची मुख्याध्यापिका, आता पोरांना काय विचारायचं ते विचारा.

साहेबाचं तोंड असं झालं की विचारू नका. पण माणूस होता तो. उठून उभा राहिला आणि चाळीस पोरांसमोर बोलला, बाई, माझी चूक झाली. मग गणितं घातली, पोरांनी फटाफट केली, एकाने तर त्यालाच विचारलं, साहेब, आवसेपासून पाचव्या दिवशी पाणी कितीला उतरतं. त्याला आलं नाही. मान्यता मिळाली. फोटोवाल्याला घाई, त्याने कपडे बदलायला वेळच दिला नाही, जशा होतो तशाच उभ्या केल्या. मी खुर्चीत, पातळ नेसून, मांडीवर हजेरीचं पुस्तक. ती कडेला, लुगड्यात, काखेतल्या पोराने ऐन वेळी तिचं नाक ओढलं म्हणून मान खाली. तो एकच फोटो. नंतर तिने फोटो काढून घेतला नाही, बोलायची, कशाला, एक आहे ना.

पुढचं थोडक्यात सांगते, नाहीतर तुमची वही संपेल. शाळा पक्की झाली, तीन खोल्या. ती तीस वर्षं तिथेच. मग गावात जमिनीचे कागद घेऊन माणसं यायला लागली, गोड बोलायची, इथे अंगठा, तिथे अंगठा. हिने शाळेच्या ओट्यावर संध्याकाळी बसायला सुरुवात केली. कागद मोठ्याने वाचायची, मग आम्हाला सांगायला लावायची, काय कळलं ते बोल. कळलं नाही तर सही नाही. पोरांच्या आयांना सह्या शिकवल्या तिने, बोलायची, अंगठा कोणाचाही धरून टेकवता येतो, सही धरून करता येत नाही. त्यामुळे कित्येक घरं राहिली. जी राहिली नाहीत ती तिचं ऐकलं नाही म्हणून. कागदवाल्यांनी तिला धमकी दिली, शाळेचं छप्पर एकदा कोणी फोडलं. दुसऱ्या दिवशी तिने उघड्यावर शाळा भरवली आणि फळ्यावर वाक्य लिहिलं शुद्धलेखनाला, छप्पर फोडणारा भित्रा असतो. चाळीस पोरांनी दहा-दहा वेळा लिहिलं.

म्हातारपणी आंबिवलीला राहायची, चाळीत एका खोलीत. मी जायची महिन्यातून एकदा सुकट घेऊन. ती गेली तेव्हा आम्ही चार माणसं होतो. चार. खांदा द्यायला पुरली, एवढंच. तिच्या शाळेच्या तीन खोल्या पाडल्या, बोलले धोकादायक, नवीन बांधू. तिथे बाग झाली. शाळा कुठे, विचारलं तर बोलतात, पटसंख्या नव्हती. पोरं कुठे गेली, ते बघायला चिखलात कोण उतरला का? नाही. एसीत बसून पटसंख्या.

आता या वर्षी काय झालं, इथला एक भाऊ आहे, पुढारी, त्याच्या मनात आलं बागेला बाईंचं नाव द्यायचं. भाऊचा बाप मोठेपणी शाळेच्या ओट्यावर तिच्याकडे शिकला, सही तिने शिकवली त्याला. चांगलं आहे, द्या नाव. मी भाजी आणायला गेले तर गेटवर हा एवढा बॅनर. वर लिहिलेलं, त्यागमूर्ती कै. द्वारकाबाई. भाऊचा फोटो सगळ्यात मोठा, मग त्याच्या वरच्या भाऊंचा, आणि कोपऱ्यात गोल करून बाईंचा. मी चष्मा पुसला. मी होते ती. माझं तोंड, माझ्या कपाळावरचं गोंदण. शाळा पाडताना तो जुना फोटो भाऊच्या ऑफिसात गेलेला, त्यातून यांनी मला कापून काढलं आणि कैलासवासी केलं.

माझी सून रंजना तिथेच रडायला लागली, आई, अपशकुन झाला. मी बोलले, गप, मला काही झालेलं नाही, झालंय द्वारकीला.

गेले भाऊच्या ऑफिसात. तिथे सोसायटीच्या समितीची एक मॅडम होती. मी सांगितलं, ती मी आहे, बाई ही कडेची. मॅडमने फोटो माझ्यापुढे धरला, हसून बोलली, आजी, बघा ना, या खुर्चीत बसल्यात, साडी व्यवस्थित, हातात रजिस्टर, या टीचर. आणि ही बाजूची, लुगडं वर, पायाला चिखल, ही कामवाली असणार. असणार बोलली. मी बोलले, असणार काय, मी होते तिथे. मग सगळं सांगितलं, पाणी, पंचमी, लुगडं, साहेब. तिने ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी थंड मागवलं. भाऊ बोलला, आजी, वय झालं की होतं असं. आणि समजा असलं, तरी बाजूच्या बाईची मान खाली आहे, चेहरा क्लिअर नाही, मोठा केला तर फाटतो. पाहुण्यांची वेळ ठरलीय. कोणाला कळणार आहे? भावना महत्त्वाची.

साठ वर्षांपूर्वी एका साहेबाने तीच चूक केली, चिखल बघितला आणि पाणी आणायला सांगितलं. त्याला कळल्यावर तो उभा राहिला. हे लोक खुर्चीतून उठले नाहीत. वर मलाच बोलले, तुम्ही बाईंच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी ना, मग फोटोला हार तुम्ही घाला. म्हणजे माझ्या फोटोला हार मीच घालायचा. मी बोलले, येते.

बागेला नाव द्यायच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी लुगडं नेसले, काचा मारून, गुडघ्यापर्यंत, पंचवीस वर्षांनी. रंजना बोलली, आई, लोक हसतील. बोलले, हसू दे, सवय आहे. स्टेजवर गेले, हार हातात दिला, आजींनी दोन शब्द बोलावेत म्हणून माईक पुढे केला. मी बोलले:

“या फोटोतली बाई मी आहे, बामीबाय, आणि मी मेलेली नाही. द्वारकाबाई तुम्ही कापून टाकली, कारण तिच्या पायाला चिखल होता.”

काय सांगू तुम्हाला, एवढी माणसं, शिकलेली, एकाच्याही तोंडून निघालं नाही की मग बाई कुठे आहे, दाखवा. टाळ्या वाजवायला लागले, म्हातारी गोड बोलली म्हणून. तेवढ्यात पुढच्या रांगेतून भाऊची आई उठली, माझ्याच वयाची, गावातली, चष्मा वर-खाली करून फोटो बघते, मला बघते, आणि ओरडली, अगो, ही त बामीच! भाऊ, जित्या बायचे फोटूला हार घालतस? येलेक्शन तोंडाव आयलंय, न असला काम? काढ तो आधी!

तेव्हा हलले. मी खरं सांगितलं तेव्हा नाही, अपशकुन ऐकला तेव्हा हलले. दोन माणसांनी फोटो उतरवला, उलटा धरून पळवला, भाऊ माझ्या पाया पडला, आजी, काही मनात ठेवू नका, शाप देऊ नका. मी बोलले, शाप कशाला देऊ, बाईंचा फोटो लाव. बोलला, लावतो, शब्द आहे.

आठ दिवसांनी लावला. जाऊन बघा तुम्ही, आता जाताना वाटेतच आहे. कॉम्प्युटरवर कोणीतरी बनवलेला. गोरी बाई, डोक्यावर पदर, मागे पिवळा उजेड, देवळातल्या देवीसारखी हसते. द्वारकीने जन्मात डोक्यावर पदर घेतला नाही, आणि गोरी तर ती कल्याणहून आली तेव्हासुद्धा नव्हती. मी विचारलं, ही कोण? भाऊ बोलला, आजी, आता कोणाची हरकत नाही ना, कोणासारखीच दिसत नाही.

खरं आहे. कोणासारखीच दिसत नाही. बागेत नवीन पोरं येतात, आया सांगतात, बाईंना नमस्कार कर, आणि पोरं त्या नसलेल्या बाईला नमस्कार करतात. मी बाकावर बसते संध्याकाळी, कोणी विचारलं तर सांगते. बहुतेक कोणी विचारत नाही. वॉचमन आहे एक, परभणीकडचा, त्याने एकदा विचारलं, पूर्ण ऐकलं, मग बोलला, आजी, आज पाणी कितीला उतरणार? मी सांगितलं. तेवढा एक.

आता तुम्ही. रंजना, ती पेटी खाली काढ. हा बघा, तोच फोटो, त्याची दुसरी कॉपी. तिने मला दिलेला, मागे तिच्या अक्षरात लिहिलेलं, पट चाळीस, हजर चाळीस. कोपरा वाळवीने खाल्लाय, तो खाल्लेला राहू दे. तुम्ही बोललात पुस्तकात छापणार. छापा. घेऊन जा, पण परत आणून द्या, नाहीतर मी तुमच्या घरी येऊन बसेन आणि तुमचं जेवण जेवेन. तुमचं भलं होवो, पोराबाळांना देव सुखी ठेवो. फक्त एक करा. पुस्तकाची साइज लहान आहे, वरून-खालून थोडा कमी करावा लागेल, असं कोणी बोललं तर वरचं आभाळ कापा, मागची शेड कापा, पाहिजे तर खुर्चीतून मला कापा. पाय कापू नका.